आधी पाणी, मग नाव-गाव

"मी आता जे सांगणार आहे, ते तुमच्यातल्या एकालाही पटणार नाही," अभिमन आबा काटाघराच्या पायरीवर बसत म्हणाले. "आणि कोणाला पटलंच, तर त्याने तसं सांगावं. म्हणजे मी आणखी थोडी भर घालतो."

आत टेबलाखाली रांगत असलेल्या हिलालला हे ऐकू आलं. हा म्हातारा आपल्याला वाचवतोय की बुडवतोय, त्याला कळेना. सकाळी आठपासून त्याला बरंच काही कळत नव्हतं, त्यात ही एक भर.

शिरपूरच्या त्या जिनिंगच्या आवारात कापसाच्या बावीस गाड्या आणि नऊ ट्रॅक्टर उभे होते. घड्याळात साडेअकरा झाले होते. जिनिंगचे मॅनेजर चुडामण भाऊ यांनी थोड्या वेळापूर्वीच, आवाज न चढवता, सांगून टाकलं होतं, "बाराचा भोंगा झाला की तुझी डबी उचल आणि जळगावची एसटी धर. या फाटकातून पुन्हा आत यायचं कारण नाही. आबांच्या बोटांवर तीस हंगाम काढले, एकतिसावाही निघेल."

डबी म्हणजे ओलावा मोजायचं यंत्र. जळगावातल्या एका लहानशा कारखानदाराने बनवलेलं. मुठीत मावेल एवढं खोकं, पुढे दोन टोकदार सळया, मागे कॉम्प्युटरला लावायची वायर. जिनिंगमधले हमाल तिला सुई म्हणत. सुई कापसाच्या ढिगात खुपसली की ओलावा किती टक्के, तो आकडा पडद्यावर यायचा. निदान यायला हवा होता. सुईचं बोलणं कॉम्प्युटरला कळायला मधे एक दुभाष्या लागतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला. तो जळगावच्या कडेच्या पिंप्राळ्यातल्या हिलालने सात महिने खपून लिहिला होता. नव्याण्णव साल होतं. यूएसबी नावाचं चपटं भोक नव्या कॉम्प्युटरांना नुकतंच येऊ लागलं होतं आणि त्याबद्दल काही विचारावं असं माणूस अख्ख्या जळगावात नव्हतं. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली, तिच्यात आतला सगळा कारभार उघडा वाचायला मिळाला, तेवढाच काय तो गुरू. कारखानदाराने बजावलं होतं, शिरपूरला चाललं तर पुढच्या सगळ्या सुया तुझ्या, नाही चाललं तर पुण्याहून माणूस बोलावतो. म्हणजे हिलालने पुन्हा दुकानात बसून प्रिंटरच्या रिबिनी बदलायच्या.

गोंधळ असा होता. वायर भोकात गेली की कॉम्प्युटर आधी विचारपूस करतो. तू कोण, कोणत्या कारखान्याची, काम काय करतेस. जे उत्तर येईल ते तो निमूट मानतो आणि तसा पुढे वागतो. पिंप्राळ्याला सुई दर वेळी नीट सांगायची, मी ओलावा मोजते. पन्नास वेळा लावली, पन्नास वेळा तेच. शिरपूरला तीच सुई, तीच वायर, तोच ड्रायव्हर, आणि सुई म्हणे, मी कीबोर्ड.

आणि नुसतं म्हणून थांबली असती तर एक वेळ चाललं असतं. पहिल्या गाडीच्या कापसात खुपसताच ती टाइप करायला लागली. चुडामण भाऊंनी सकाळी अर्धवट लिहून ठेवलेलं एक पत्र पडद्यावर उघडं होतं. त्यात 'आपला विश्वासू'च्या खाली एस एस एस एस अशा अडीच ओळी उमटल्या.

"निंबा, तुझ्या कापसात ओलावा किती?" चुडामण भाऊंनी गाडीवाल्याला विचारलं.

"यंत्र काय म्हणतं?"

"एस म्हणतं."

"मग लिहा की एस," निंबा म्हणाला. "आबा कधी नऊ म्हणतात, कधी दहा. एस तर कधीच म्हणाले नाहीत. कमीच असेल."

त्यानंतर हिलालने वायर बदलली, भोक बदललं, अर्थिंग तपासलं, भोकात फुंकर मारून कापसाचे तंतू काढले. टेबल भिंतीपासून हलवून पाहिलं. एकदा तर, कोणी बघत नाही असं पाहून, पिंप्राळ्याला बसायचा तसा पूर्वेकडे तोंड करून बसला. सुई कीबोर्डच राहिली. टेबलाखाली बसून त्याला वाटू लागलं की आपल्याला मुळात काहीच येत नसावं, पिंप्राळ्याला जे चाललं ते चुकून चाललं असावं.

तेवढ्यात रांगेतले गाडीवाले काटाघराच्या दाराशी जमले, कोणीतरी बैल उन्हात आहेत म्हणून कुरकुरलं, चुडामण भाऊंनी घड्याळ पाहिलं, आणि आबा पायरीवर बसले.

अभिमन आबा त्या जिनिंगचे कापूस पारखणारे. मूठभर कापूस घेऊन चुरायचे आणि आकडा सांगायचे. पण खरी कमाल कापसाची नव्हती, माणसांची होती. कोणत्या गाडीची कोणती खोड, हे सगळं त्यांच्या डोक्यात. निंबाच्या गाडीत वरचा थर कोरडा, हात कोपरापर्यंत घालावा. यशोदाबाई स्वतःच्या मालाला नेहमी नावं ठेवते, तिचं ऐकू नये, माल चांगला असतो. बिजलाची गाडी डोंगरातून रात्रभर दवात येते, तिला तासभर उन्हात उभी करून मग बघावी. सुई आली तर आबांचं काम जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. आबा मात्र सकाळी हिलालला म्हणाले होते, "लवकर लाव रे बाबा. थंडीच्या दिवसांत ओल्या कापसात हात घालून घालून मला आता भाकरी मोडता येत नाही."

"तर ऐका," आबांनी सुरुवात केली. "आमच्या गावात झुलाल नानांच्या घरी डोंगरातला एक पाव्हणा यायचा. नवल त्याचं नाव. डिंक घेऊन यायचा, मध घेऊन यायचा, आणि नानांच्या घरात लग्न असलं की बोलावणं न पाठवताही यायचा. माणूस लाखात एक. पण त्याची एक खोड होती. दारात पाऊल टाकल्या टाकल्या त्याला नाव विचारलं, की तो भलत्याच माणसाचं नाव सांगायचा."

"खोटं बोलायचा?" चुडामण भाऊंनी विचारलं. ते दारात उभे होते, घड्याळ हातात.

"खोटं नाही. त्याला तसंच वाटायचं. डोंगरातून चालत आलेला माणूस, डोकं उन्हाने तापलेलं. वाटेत जो शेवटचा भेटला असेल त्याचंच नाव तोंडात. पहिल्या लग्नाला आला. दारात नानांचा पुतण्या उभा, फार चटपटीत पोरगा. त्याने विचारलं, कोठला शेतस पाव्हना? नवल म्हणाला, मी आचारी. झालं. हातात झारा दिला."

"मग?"

"मग काय, पाचशे माणसांचं वरण केलं त्याने. आणि असं वरण, की खरा आचारी संध्याकाळी आला, त्याने चव घेतली आणि तो न जेवता परत गेला. त्याने तो धंदाच सोडला. आता अमळनेरला सायकलीचं दुकान आहे त्याचं."

माणसं हसली. निंबा म्हणाला, "आबा, मांगला सालबी तुम्ही अशीच एक गोट सांगी व्हती."

"खरं तर बठ्ठाच सांगतस, सगळे लोक," आबा म्हणाले. "तू ऐक."

टेबलाखाली हिलाल थबकला. सुई कीबोर्ड म्हणते आणि कीबोर्डचं कामही करते. ज्या परदेशी चिपवर सुई बनली होती, तिच्या कारखान्याने नमुना म्हणून तिच्यात कीबोर्डचीच ओळख भरून पाठवली होती, हे त्याने कागदपत्रात वाचलं होतं. जळगावच्या कारखानदाराने त्यावर सुईची ओळख चढवली होती. मग शिरपूरला ती जुनी ओळख का सांगते? वाटेत शेवटचा भेटलेला माणूस. तो स्वतःवरच वैतागला. बाराला वीस मिनिटं कमी असताना आपण आचाऱ्याच्या गोष्टीवर विचार करतोय.

"दुसऱ्या लग्नाला," आबा पुढे म्हणाले, "तोच पुतण्या, तेच दार, तोच प्रश्न. नवल म्हणाला, मी सनईवाला. दिली सनई. जन्मात हातात धरली नव्हती. अशी वाजवली, अशी वाजवली, की नवरीची आई रडायची ती नवरदेवाची आई रडायला लागली. तिसऱ्या लग्नाला म्हणाला, मी जमादार. मांडवातून कोणाची तरी नवी चप्पल गेली होती. त्याला म्हणाले, शोधा चोर."

"सापडला?" निंबाने विचारलं.

"सापडला."

"कोण होता?"

"चोर नव्हता तो. पण सापडला."

या वेळी चुडामण भाऊही हसले, आणि लगेच घड्याळाकडे बघून गंभीर झाले. गर्दीच्या कडेला बिजलाच्या गाडीवर एक बाई बसली होती. बिजला आजारी म्हणून त्याची बहीण मोतीबाई पहिल्यांदाच गाडी घेऊन आली होती. ती हसली नाही. ती आबांकडे एकटक बघत होती, आणि आबा अशा ऐकणाऱ्यावर खूश असत.

"आता तुम्ही म्हणाल, याला उपाय काय," आबा म्हणाले. "पुतण्याने काय काय केलं. मोठ्याने विचारून पाहिलं, कानात विचारून पाहिलं. दार बदललं, मागच्या दाराने घेतलं. एकदा तर नवलला पूर्वेकडे तोंड करून उभा केला."

हिलालचे कान गरम झाले. म्हणजे कोणीतरी बघत होतं.

"चौथ्या लग्नाला पुतण्या घोड्याच्या बंदोबस्ताला गेला होता. दारात कोणी नाही. घरात एकटी भिकुबाई, नानांची म्हातारी आई. तिचे गुडघे धरलेले. पाव्हणा आला हे तिला दिसलं, पण उठायला वेळ, भिंत धरून चालायला वेळ. येता येता तिने तांब्या भरून घेतला, कारण आमच्याकडे पाव्हण्याला आधी पाणी देतात, मग नाव-गाव विचारतात. घाईत पोरं विसरतात, म्हातारी कशी विसरेल? नवल ओट्यावर बसला. पाणी प्यायला. तोंड पुसलं. मग तिने विचारलं, कोठला शेतस पाव्हना? आणि नवलने स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, बापाचं नाव, आज्याचं नाव, सात पिढ्या बिनचूक. म्हातारी म्हणाली, एवढ्या नको रे बाबा, मला स्वयंपाक आहे."

हिलाल उठायला गेला आणि त्याचं डोकं टेबलाला आपटलं.

म्हातारीचे गुडघे. पिंप्राळ्याचं त्याचं यंत्र जुनं, सेकंडहँड, यूएसबीचं भोक मागाहून बसवलेलं, चालू व्हायलाच चहा होईल एवढा वेळ घेणारं. वायर लावली की ते उठायचं, भिंत धरायचं, आणि विचारायला येईपर्यंत सुईने आपली नवी ओळख अंगावर घेतलेली असायची. चुडामण भाऊंचा कॉम्प्युटर दिवाळीत आलेला, चटपटीत. वायर टेकायच्या आत विचारतो, कोण तू? सुई अर्धवट जागी. शेवटची आठवण सांगून टाकते.

हे खरंच तसं होतं, की आपण नुसतेच आबांच्या नादी लागलो होतो, याचा त्याला अंदाज येईना. पण दुसरं काही हातात नव्हतं. तो कीबोर्डशी बसला.

"सगळ्याच पाव्हण्यांना दारात थांबवायचं म्हणजे," चुडामण भाऊ दारातून म्हणत होते, "लग्न कधी लागणार? पाचशे माणसं असतात."

"सगळ्यांना कशाला?" आबा म्हणाले. "ज्याची खोड माहीत आहे त्यालाच. पुतण्याला तेवढं पाठ करायला लावलं. डोंगराच्या वाटेने आलेला, खांद्यावर डिंकाची पिशवी, आणि मी आचारी म्हणतो? त्याला झारा द्यायचा नाही. पाणी द्यायचं, थांबायचं, पुन्हा विचारायचं. खरा आचारी आला तर त्याला सरळ आत."

हिलालने नेमकं तेच लिहिलं. या परदेशी कारखान्याची चिप असलेली कोणी कीबोर्ड म्हणून आली, तर लगेच मानू नये. एक सेकंद थांबावं, तिला पुन्हा जागं करावं, आणि पुन्हा विचारावं. बाकी सगळ्यांना नेहमीसारखं आत घ्यावं. चारच ओळी होत्या. पण लिहिलेलं कॉम्प्युटरच्या भाषेत उतरायला वेळ लागतो, आणि पडद्यावर ओळी सरकायला लागल्या तेव्हा बाराला आठ मिनिटं होती.

"आबा," तो आतून म्हणाला, "अजून पाच-सहा मिनिटं."

"काही हरकत नाही," आबा म्हणाले. "अजून दोन लग्नं आणि एक बारसं बाकी आहे."

बारशात काय झालं, ते हिलालच्या कानावर तुकड्या-तुकड्यांनी आलं. नवल पाळण्याजवळ गेला असावा, मुलाचं नाव विचारल्यावर चुकून आपलंच सांगून बसला असावा, आणि ते मूल मोठं होऊन डोंगरात डिंक शोधायला निघून गेलं असावं. मधेच हिलालने बाजूला पाहिलं तर सुईशेजारी पाण्याने भरलेला पितळी तांब्या होता. त्याने तो उचलून खिडकीत ठेवला. थोड्या वेळाने तांब्या पुन्हा सुईशेजारी.

"निंबाभाऊ, हे काय करता? विजेचं काम आहे."

"तिला पाणी नको का?" निंबा म्हणाला. तो थट्टा करतोय का, ते हिलालला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. "आबा म्हणाले ना, आधी पाणी."

"तिला नुसता वेळ द्यायचा आहे."

"नुसता वेळ पाव्हण्याला कसा द्यायचा? काहीतरी हातात नको का?"

हिलालने तांब्या उचलला आणि या वेळी तो खिडकीत न ठेवता घटाघटा पिऊन टाकला. सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

पडद्यावरच्या ओळी थांबल्या. बाराला दोन मिनिटं. त्याने जुना ड्रायव्हर काढला, नवा चढवला, आणि वायर भोकात लावली. बाहेर आबांनी गोष्ट अर्धीच सोडली आणि सगळे दारातून आत वाकून बघू लागले.

कॉम्प्युटरने विचारलं. सुई म्हणाली, कीबोर्ड. चुडामण भाऊंनी हात कमरेवर ठेवले. मग पडद्यावर काहीच झालं नाही. एक सेकंद म्हणजे किती लांब असतो, हे हिलालने सात महिन्यांत पाहिलं नव्हतं. मग खाली नवी ओळ आली. पुन्हा विचारलं, आणि सुई म्हणाली, ओलावा मापक.

"कापूस," हिलाल म्हणाला.

सगळ्यात जवळची गाडी बिजलाची होती. मोतीबाईने खाली उतरून पाटीभर कापूस आणला, तळातून काढून. आबांनी त्यातला मूठभर घेतला, चुरला, ओठांना लावला.

"साडेनऊ," आबा म्हणाले.

हिलालने सुई खुपसली. पडद्यावर आकडा आला, नऊ पूर्णांक चार. त्याने वायर काढून पुन्हा लावली. नऊ पूर्णांक चार. तिसऱ्यांदा लावली. भोंगा वाजायला लागला, आणि तो संपेपर्यंत पडद्यावर नऊ पूर्णांक चार हलले नाहीत.

चुडामण भाऊंनी घड्याळ खिशात टाकलं. "जेवून घे," ते हिलालला म्हणाले. "दुपारी बाकीच्या तीस गाड्या या सुईनेच करायच्या. आणि माझ्या पत्रातले ते एस काढून दे." मग दाराकडे जाता जाता, "बाकीच्या सुया कधी आणतोस?"

हिलालने मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, त्याला सांगता आलं नसतं. एका थापेवरून चार ओळी लिहिल्या आणि त्या चालल्या, हे उद्या कारखानदाराला कसं समजावायचं, याचा तो विचार करत होता.

आबा मात्र फुलले होते. जेवायला जायचं सोडून गर्दी अजून पायरीशीच होती.

"आता कळलं का? मी तेव्हाच सांगितलं होतं, पटणार नाही म्हणून," ते म्हणाले. "अरे, तो नवल बोलायला लागला की काय बोलायचा. एकदा सात पिढ्या सांगून झाल्यावर म्हातारीच्या माहेरच्या सात पिढ्याही त्यानेच सांगितल्या. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. खणखणीत. डोंगरात हाक मारली तर इकडे शिरपूरच्या बाजारात ऐकू—"

"आबा."

मोतीबाई रिकामी पाटी कमरेवर घेऊन उभी होती. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं.

"भिकुबाईनी पानी दिधं ते खरं शे," ती म्हणाली. "ती म्हातारी थांबे. मनी माय बी तेच सांगे. पन आबा, तो नवल मना बाप, मी त्यानी पोर. जलमना मुका व्हता तो. तो नाव सांगी कसा?"